कॅमशाफ्ट बदलण्यापूर्वीची ओळखपरेड

जनरल मोटर्सने १९९७ च्या मॉडेलच्या कॉर्व्हेट गाडीत बसवलेले एलएस-१ हे ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन, त्याच आराखड्यावरून पुढे निघालेली एलएस-६, एलएस-२, एलएस-३ आणि एलएस-७ ही इंजिने, तसेच १९९९ पासून शेव्हरोले आणि जीएमसीच्या पिकअप ट्रकांत आलेली ४.८, ५.३ आणि ६.० लिटरची त्यांची बहुतांशी लोखंडी ब्लॉकची भावंडे, अमेरिकेत आज दुसऱ्या, तिसऱ्या, कधी चौथ्या मालकाच्या हाती नांदत आहेत. अपघातात निकामी झालेल्या ट्रकचे इंजिन उतरवून ते जुन्या कॅमारोत चढवणे हा तिथल्या गॅरेजांचा नेहमीचा उद्योग असल्यामुळे, इंजिन कोणत्या गाडीत आहे यावरून ते मुळात कोणते हे ठरत नाही, आणि ते मुळात कोणते हे ठरले तरी त्याच्या पोटात आज काय आहे हे ठरत नाही. असे इंजिन अधिक ताकदीच्या कॅमशाफ्टसाठी उघडायला घेतले की पहिला प्रश्न नव्या कॅमचा नसतोच. आधीच्या मालकाने स्प्रिंगा, रॉकर, पुशरॉड यांपैकी काय काय बदलले, आणि बदललेले भाग नव्या कॅमच्या कामाला येतील की त्याच कॅमच्या मुळावर उठतील, हा असतो.

कॅमशाफ्ट म्हणजे क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरणारा, अंगावर उंचवटे असलेला दांडा. या उंचवट्यांना लोब म्हणतात. एलएस इंजिनात असा एकच दांडा ब्लॉकच्या मधोमध असतो आणि त्याच्यावर सोळा व्हॉल्व्हांसाठी सोळा लोब असतात. लोब वर आला की त्याच्यावर टेकलेला रोलरचा लिफ्टर, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री टॅपेट म्हणतात, तो वर उचलला जातो. लिफ्टर पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरचे एक टोक वर करतो आणि रॉकरचे दुसरे टोक स्प्रिंगचा जोर मोडून व्हॉल्व्ह खाली दाबते. जुन्या बुलेटचे हेड ज्यांनी उतरवले आहे त्यांना ही रचना नवी नाही. व्हॉल्व्ह उघडण्याचे काम कॅम करतो, पण तो वेळेवर मिटवण्याचे काम सर्वस्वी स्प्रिंगचे असते, आणि कॅमपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या या सगळ्या साखळीला मिळून व्हॉल्व्हट्रेन म्हणतात. मूळ कंपनीखेरीज इतर उत्पादकांनी बनवलेल्या सुट्या भागांना आफ्टरमार्केट म्हणण्याची पद्धत आहे. त्यात मूळ भागापेक्षा सरस मालही येतो आणि केवळ स्वस्त मालही येतो, त्यामुळे या शब्दावरून दर्जाविषयी काहीच कळत नाही.

एलएस इंजिनाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष अवघड होण्याचे कारण त्याच्या सोयीतच आहे. यातील लिफ्टर चार-चारच्या गटाने प्लॅस्टिकच्या चार साच्यांत बसवलेले असतात. रॉकर आणि पुशरॉड काढून कॅम हाताने फिरवला की लिफ्टर वर ढकलले जातात, साच्यांत अडकून राहतात आणि हेड न उतरवता कॅम समोरच्या बाजूने बाहेर ओढता येतो. त्याचप्रमाणे सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन किंवा पिस्टन सर्वांत वर आणून स्प्रिंगाही हेड न काढता बदलता येतात. एकाच इंजिनात कॅम एकाने, स्प्रिंगा दुसऱ्याने आणि रॉकर तिसऱ्याने बदललेले असणे, आणि तिघांनीही हेडखालचे लिफ्टर डोळ्यांनी पाहिलेले नसणे, हे त्यामुळे सहज घडते. एखादा भाग अमुक कंपनीचा आहे हे कळणे सुखावह असले तरी त्याने काम भागत नाही. तो किती जोर देतो, किती अंतर हलू शकतो आणि नव्या कॅमला तेवढे पुरेल काय, एवढे कळले तर नाव नाही कळले तरी चालते. ओळखपरेडीचा खरा हेतू, कोणता भाग इंजिनात राहू द्यायचा आणि कोणता काढून टाकायचा, हे ठरवणे हाच असतो.

भागांवरचे आकडे वाचून कॅम ओळखण्याची शेव्हरोलेच्या जगातील परंपरा जुनी आहे. १९५५ साली आलेल्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ साठी कॉर्व्हेटचे अभियंता झोरा आर्कस-डंटॉव्ह यांनी जो वेगवान कॅम आखला, तो डंटॉव्ह कॅम म्हणून जितका गाजला तितकाच ‘०९७’ या नावानेही गाजला, कारण त्याच्या ३७३६०९७ या सुट्या भागाच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे तेवढे होते. साठच्या दशकातील ‘थर्टी-थर्टी’ कॅमचे नाव तर त्याच्या व्हॉल्व्हसाठी ठेवायच्या ०.०३० इंचाच्या फटीवरून पडले. त्याआधीच कॅलिफोर्नियात एड इस्केन्डेरियन यांच्यासारखे कारागीर स्वतःच्या धाटणीचे कॅम घासून विकू लागले होते, आणि अशा उत्पादकांची संघटना १९६३ मध्ये उभी राहिली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडेच गेले. तेव्हापासून आजतागायत प्रत्येक कॅमबरोबर एक छापील कागद मिळतो, ज्यावर त्या कॅमची सर्व मापे असतात आणि ज्याला कॅम कार्ड म्हणतात. हे कार्ड सापडले तर निम्मे काम झाले असे वाटते, परंतु त्यावरून फक्त तो कॅम कोणी तरी विकत घेतला होता एवढेच सिद्ध होते. तोच कॅम आज इंजिनात आहे हे नव्हे. बिले, विकणाऱ्याचा शब्द आणि इंजिनाचा आवाज या तिन्ही पुराव्यांची किंमत अशीच ठेवावी लागते. आवाजावरून कॅम सांगणारे जाणकार प्रत्येक गावात असतात, पण तेच इंजिन संगणकाची मांडणी बदलून अधिक गुळगुळीत किंवा अधिक खडबडीत चालवता येत असल्यामुळे त्यांचा कौल ऐकावा आणि सोडून द्यावा, हे बरे.

शोधाची सुरुवात बाहेरून होते. एलएस हेडच्या टोकाला ओतीव क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे व्हॉल्व्हचे झाकण न काढताही वाचता येतात. २४१ हा क्रमांक नंतरच्या एलएस-१ चा, २४३ हा एलएस-६ आणि एलएस-२ चा, ७९९ हे २४३ चेच दुसरे रूप, ७०६ आणि ८६२ हे ४.८ व ५.३ लिटरच्या ट्रकचे, ३१७ हा ६.० लिटरच्या ट्रकचा, तर ८२१ आणि ८२३ हे आयताकृती हवामार्गाच्या एलएस-३ कुळातले. या आकड्यांवरून केवळ वंश कळतो असे नाही. ७०६ आणि ८६२ हेडांत हवा आत घेणारा व्हॉल्व्ह १.८९ इंच व्यासाचा, २४१ व २४३ मध्ये २.०० इंच, तर एलएस-३ मध्ये २.१६५ इंच असतो, आणि ज्वलनकक्षाचे आकारमानही हेडागणिक बदलते. म्हणून ५.७ लिटरच्या इंजिनावर ७०६ हेड दिसले, की कुणीतरी कॉम्प्रेशन वाढवण्याच्या इराद्याने आधीच हात घातला आहे हे उघड होते आणि पुढची प्रत्येक गोष्ट संशयाने पाहावी लागते.

झाकण काढल्यावर नजर प्रथम स्प्रिंगांवर जाते, आणि जायलाही हवी. मूळ एलएस स्प्रिंग एकेरी, वरच्या टोकाला निमुळती असते. या आकाराला मधमाश्यांच्या पोळ्यावरून बीहाइव्ह म्हणतात. वरचे टोक लहान असल्याने त्यावरची रिटेनर नावाची वाटीसारखी चकतीही लहान आणि हलकी राहते, आणि हलणारे वजन कमी झाल्याने तीच स्प्रिंग अधिक वेगापर्यंत व्हॉल्व्हवर ताबा ठेवू शकते. स्प्रिंग सरळ दंडगोल असेल आणि तिच्या आत दुसरी बारीक स्प्रिंग दिसत असेल, तर ती आफ्टरमार्केटची दुहेरी स्प्रिंग आहे याबद्दल शंका उरत नाही. खरा घोटाळा होतो तो एकेरी स्प्रिंगांबाबत, कारण मूळ बीहाइव्ह आणि आफ्टरमार्केट बीहाइव्ह या शेजारी ठेवल्या तरी सारख्याच दिसतात. रंगावर विसंबणारे पुष्कळ आहेत. एलएस-६ च्या कारखानी स्प्रिंगा रंगावरून ओळखण्याचा प्रघातही आहे. परंतु गरम तेलात वर्षानुवर्षे राहिल्यावर रंग उडतो, तपकिरी थर चढतो, आणि सोनेरी किंवा निळा रंग देण्याचा मक्ता कोणा एका कंपनीकडे नाही.

म्हणून स्प्रिंग काढून मोजावी. तारेचा व्यास, बाहेरचा आणि आतला व्यास, मोकळी उंची आणि वेढ्यांची संख्या ही पाच मापे व्हर्नियर कॅलिपरने घेता येतात. यांत तारेच्या व्यासाचे माप सर्वांत काळजीने घ्यावे, कारण स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो, ४.० मिमीच्या जागी ४.२ मिमीची तार आली तर बाकी सगळे तसेच असूनही ताठपणा सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. उलट वेटोळ्याचा व्यास वाढला तर ताठपणा त्याच्या तिसऱ्या घाताने उतरतो. बीहाइव्हमध्ये वेटोळ्याचा व्यास वरपर्यंत एकसारखा नसल्याने आणि तारही अनेकदा गोल नसून लंबगोल असल्याने हे सूत्र तिथे अंदाजापुरतेच चालते, आणि खरी परीक्षा स्प्रिंग दाबून तिचा जोर मोजणाऱ्या यंत्रावरच होते.

तुलनेसाठी मूळ एलएस-१ स्प्रिंगचे कारखानी आकडे पाहावेत. व्हॉल्व्ह मिटलेला असताना ४५.७५ मिमी उंचीवर ती ३४० न्यूटन जोर देते, आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना ३३.५५ मिमी उंचीवर ९८० न्यूटन. मधले अंतर १२.२ मिमीचे, म्हणजे सुमारे ०.४८ इंचाचे आहे आणि तेवढीच त्या इंजिनाच्या मूळ कॅमची लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आपल्या जागेवरून उचलला जाण्याचे अंतर होते. कंपनीने स्प्रिंग कॅमला बेतून दिली होती, पुढच्या हौसेसाठी शिल्लक ठेवली नव्हती. यंत्रावर ठेवलेली अनोळखी स्प्रिंग मिटल्या उंचीला साडेपाचशे ते साडेसहाशे न्यूटन दाखवू लागली, तर ती मूळची नाही. त्यानंतर ती बेंच व्हाइसमध्ये वेढ्याला वेढा टेकेपर्यंत दाबून घनउंची मोजावी. समजा ती ३०.० मिमी निघाली, तर बसवलेल्या ४५.७ मिमी उंचीवरून स्प्रिंगला १५.७ मिमी वाव आहे. वेढे एकमेकांना भिडू नयेत म्हणून दीड मिमी राखून ठेवला की उरतात १४.२ मिमी, म्हणजे ०.५५९ इंच. ०.६०० इंच लिफ्टचा कॅम या स्प्रिंगवर चालवणाऱ्याला वेढे भिडण्याआधी अर्धा मिमीसुद्धा वाव राहत नाही, आणि वेढे भिडले की तो जोर पुशरॉड वाकवण्यात किंवा लिफ्टर फोडण्यात खर्च होतो.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. पोलादाच्या निरनिराळ्या जातींचा लवचीकपणा जवळपास सारखाच असल्यामुळे, साध्या तारेची आणि अतिशुद्ध क्रोम-सिलिकॉन पोलादाच्या तारेची स्प्रिंग यंत्रावर एकच आकडा दाखवू शकते. लक्षावधी वेळा दबल्यानंतर कोणती मोडेल हे मात्र तो आकडा सांगत नाही. स्प्रिंग किती चालली आहे हेही तिच्या अंगावर लिहिलेले नसते. यावरून निघणारा निष्कर्ष अनेकांना खर्चिक वाटेल, तरी तो टाळता येण्यासारखा नाही: जुन्या स्प्रिंगा ओळखाव्यात त्या आधीच्या कॅमचा माग काढण्यासाठी, पुन्हा वापरण्यासाठी नव्हे. नव्या कॅमबरोबर सोळाही स्प्रिंगा नव्या, आणि त्याही कॅम घासणाऱ्याने त्या लोबसाठी सुचवलेल्या.

रिटेनर आणि लॉक, म्हणजे रिटेनरला व्हॉल्व्हच्या दांड्यावर पकडून ठेवणाऱ्या दोन अर्धगोल पाचरी, यांचे तसे नाही; ते चांगले असतील तर राहू शकतात. रिटेनर टायटॅनियमचा की पोलादाचा हे लोहचुंबकाने तत्काळ कळते, कारण टायटॅनियम चुंबकाला दाद देत नाही. हीच युक्ती व्हॉल्व्हवर चालवू नये. आफ्टरमार्केट व्हॉल्व्हांसाठी वापरले जाणारे काही स्टेनलेस पोलादही चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे टायटॅनियमचे व्हॉल्व्ह कारखान्यातूनच असलेल्या एलएस-७ चा मामला समजून कोणी भलत्याच खुशीत यायचा. लॉकच्या पाचरीचा कोन ७ अंशांचा किंवा १० अंशांचा असतो आणि एकाचे लॉक दुसऱ्याच्या रिटेनरमध्ये बसल्यासारखे वाटले तरी बसत नाहीत. संच जुळत नसेल तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडण्याची भीती असते. व्हॉल्व्हच्या दांड्यावरचे तेलाचे सील आणि स्प्रिंगखालची चकती बऱ्याच मूळ हेडांत एकाच तुकड्यात असते; दुहेरी स्प्रिंगसाठी ती वेगळी करावी लागते, म्हणून ती वेगळी दिसली की पूर्वी कधीतरी येथे दुहेरी स्प्रिंग होती असा तर्क करता येतो, जरी आज तिच्या जागी एकेरी स्प्रिंग असली तरी.

रॉकरच्या बाबतीत हिशेब चुकला तर पुढचा सगळाच हिशेब चुकतो. लोबची उंची जितकी असते त्याहून व्हॉल्व्ह अधिक हलतो, कारण रॉकरचे व्हॉल्व्हकडचे टोक लांब असते. या दोन लांब्यांच्या प्रमाणाला रॉकर रेशो म्हणतात. एलएस-१, एलएस-२, एलएस-३ आणि एलएस-६ मध्ये तो १.७ आहे, एलएस-७ मध्ये १.८. एलएस-३ कुळातील आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा रॉकर ६ मिमीने एका बाजूला वळलेला असल्याने तो लगेच ओळखू येतो. आफ्टरमार्केटचे ॲल्युमिनियम रोलर रॉकरही झाकण उघडताच डोळ्यांत भरतात, पण त्यांचा रेशो १.७ की १.८ हे नुसते पाहून सांगता येत नाही. मूळ रॉकरच्याच अंगात बदललेला ट्रनियन, म्हणजे रॉकर ज्याच्यावर डोलतो तो आडवा खिळा, ही तर त्याहून चोरटी दुरुस्ती: मूळच्या सुईबेअरिंगांच्या जागी कांस्याचे बुश किंवा पकडून ठेवलेली बेअरिंगे येतात आणि फरक फक्त खिळ्याच्या दोन टोकांशी दिसतो. ती दुरुस्ती स्वागतार्हच आहे, रेशो मात्र तिने बदलत नाही.

रेशोने होणारा घोटाळा एका उदाहरणाने स्पष्ट होतो. जनरल मोटर्स स्वतःच ‘हॉट कॅम’ या नावाने एक वेगवान कॅम विकते, १.७ च्या रॉकरवर त्याची लिफ्ट ०.५२५ इंच आहे, म्हणजे लोबची स्वतःची उंची सुमारे ०.३०९ इंच. त्याच कॅमवर कोणी १.८ चे रॉकर बसवले असतील तर व्हॉल्व्हपाशी मोजलेली लिफ्ट ०.५५६ इंच भरते. २००२ नंतरच्या एलएस-६ चा कारखानी कॅम १.७ वर सुमारे ०.५५० इंच देतो. केवळ व्हॉल्व्हपाशी मोजणाऱ्या माणसाने सहा हजारांश इंचाचा फरक मापनातल्या चुकीवर ढकलून हा एलएस-६ चाच मूळ कॅम आहे असे ठरवले, आणि त्या समजुतीवर ०.६०० इंच लिफ्टचा नवा कॅम मागवला, तर न ओळखलेल्या १.८ च्या रॉकरवर तो प्रत्यक्षात ०.६३५ इंच उचलणार; स्प्रिंगा ०.६०० च्या घेतल्या असतील तर हिशेब तिथेच फसला.

तेव्हा माप लोबचे घ्यावे. एका सिलिंडरचे दोन्ही रॉकर काढावेत, पुशरॉड लिफ्टरवर नीट टेकलेला ठेवून त्याच्या वरच्या टोकावर डायल गेजची सुई पुशरॉडच्या रेषेतच उभी करावी आणि क्रँक हाताने, चालण्याच्या दिशेनेच, सावकाश फिरवावा. लिफ्टर आत तेल भरलेला हायड्रॉलिक प्रकारचा असल्यामुळे व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा भार असताना तो हळूहळू दबतो आणि माप खोटे निघते. रॉकर काढल्यावर त्याच्यावर भार राहत नाही, म्हणून हे माप खरे मानता येते. सुई सर्वांत खाली असेल तिथे शून्य लावावे, सर्वांत वर काय दाखवते ते लिहावे, आणि पुन्हा खाली आल्यावर सुई शून्यावर येते का पाहावे. ती येत नसेल तर गेज सरकला आहे, पुन्हा पहिल्यापासून. हॉट कॅमचा ०.३०९ आणि एलएस-६ चा ०.३२४ यांतला फरक या गेजवर अगदी ठळक दिसतो. त्यानंतर रॉकर बसवून व्हॉल्व्हपाशी मोजलेल्या लिफ्टला लोबच्या उंचीने भागले की रेशोही हाती येतो. त्या वेळी मात्र त्या व्हॉल्व्हवर मूळ स्प्रिंगऐवजी बोटाने दबणारी तपासणीची स्प्रिंग लावलेली हवी, म्हणजे लिफ्टर दबत नाही.

तरीही लिफ्टवरून कॅम ओळखला असे म्हणता येत नाही. अमेरिकन स्पीड असोसिएशनच्या शर्यतींसाठी बनलेला ‘एएसए’ कॅमही नेमका ०.५२५ इंचच उचलतो. फरक आहे तो ड्युरेशनमध्ये, म्हणजे लिफ्टर ०.०५० इंच वर असल्यापासून परत ०.०५० इंचावर येईपर्यंत क्रँक किती अंश फिरतो त्या मापात. क्रँकच्या पुढच्या टोकाला अंशांची चकती लावून हे मोजता येते. हॉट कॅमचे आत घेणाऱ्या आणि बाहेर टाकणाऱ्या व्हॉल्व्हांसाठीचे आकडे २१९ आणि २२८ अंश, एएसएचे २२६ आणि २३६. दोन लोबांच्या मध्यरेषांमधील कोन पहिल्यात ११२ अंश, दुसऱ्यात ११०. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ यावरून काढला तर हॉट कॅममध्ये तो या उंचीवर जवळजवळ शून्य भरतो आणि एएसएमध्ये ११ अंश, तर २०४ व २१८ अंशांच्या आणि ११७.५ अंश कोनाच्या एलएस-६ कॅममध्ये उणे २४. उभ्या गाडीत इंजिन शांतपणे चालेल की थडथडेल, हे बऱ्याच अंशी या एका आकड्यावर ठरते. अर्थात २१९ आणि २२८ निघाले म्हणून तो कॅम जनरल मोटर्सचाच असे नव्हे. जवळपासच्या मापांचे कॅम इतर कारागीरही घासतात. नाव हवेच असेल तर गिअर काढून कॅमचे पुढचे तोंड आणि कॅम बाहेर आल्यावर मागचे तोंड व लोबांमधली जागा पाहावी, तिथे क्रमांक कोरलेला किंवा ठोकलेला असतो.

पुशरॉड हा दिसायला सर्वांत साधा, पण परिस्थितीजन्य पुरावा देण्यात सर्वांत बोलका भाग आहे. मूळचा ५/१६ इंच जाडीचा आणि सुमारे ७.४ इंच लांबीचा असतो, एलएस-७ चा सुमारे ७.८ इंच. नव्या कॅमची लिफ्ट जास्त असली तरी तो त्याच बेअरिंगांतून आत सरकवायचा असतो, म्हणून कारागीर लोब उंच करण्याऐवजी लोबचा गोल तळ अधिक घासतात. तळ खाली गेला की पुशरॉड लांब लागतो. हेडचा तळ घासला असेल किंवा पातळ गास्केट घातले असेल तर उलट आखूड लागतो. त्यामुळे वेगळ्या लांबीचा पुशरॉड निघाला तर आत काहीतरी बदलले आहे हे निश्चित, आणि काय बदलले हे शोधणे भाग. लांबी मोजण्याच्या दोन पद्धती प्रचलित असून टोकाच्या तेलाच्या भोकामुळे त्यांच्यात शतांश-दीड शतांश इंचाचा फरक पडतो, हे लक्षात न घेता मागवलेला संच परत पाठवावा लागतो. जुने पुशरॉड काचेवर घरंगळवून वाकले आहेत का पाहावे. पुन्हा वापरण्याचा मोह मात्र टाळावा. योग्य लांबी कॅम बसवल्यावरच, मागेपुढे होणाऱ्या तपासणीच्या पुशरॉडने काढायची असते.

लिफ्टर हेडखाली असल्याने त्यांची ओळख बहुधा अर्धवटच राहते. एका गोष्टीचा मात्र छडा बाहेरूनच लावता येतो. २००५ पासून काही इंजिनांत कमी भाराच्या वेळी १, ४, ६ आणि ७ क्रमांकांचे सिलिंडर बंद ठेवण्याची सोय आली, आणि त्या सिलिंडरांचे लिफ्टर आतल्या खिळ्यांनी सुटे होणारे, वेगळ्याच धाटणीचे असतात. इनटेक मॅनिफोल्डखालच्या पत्र्यावर चार विद्युत-झडपा दिसल्या तर ते इंजिन या जातीचे आहे. अशा इंजिनात मोठा कॅम घालायचा तर ते लिफ्टर, त्यांचे साचे आणि तो पत्रा काढून टाकणे आणि संगणकातून ती सोय बंद करणे ओघानेच आले, आणि त्यासाठी हेड उतरवावेच लागतात. कॅमच्या गिअरचे बोल्ट तीन की एक, आणि कॅमचा सेन्सर ब्लॉकच्या मागे की समोरच्या झाकणात, एवढे नवा कॅम मागवण्यापूर्वी पाहून घ्यावे.

सर्वांत शेवटी व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातील अंतर, ज्याची कोणत्याही क्रमांकावरून खात्री होत नाही. एलएस-१ च्या पिस्टनला वर व्हॉल्व्हसाठी खाचा नसतात. आधीच्या मालकाने हेड किती घासले हे कळायला मार्ग नसेल तर स्प्रिंग काढून त्या जागी तपासणीची स्प्रिंग लावावी, क्रँक दर वेळी थोडा फिरवून थांबावे, आणि प्रत्येक ठिकाणी व्हॉल्व्ह बोटाने पिस्टनला टेकेपर्यंत दाबून डायल गेजवर अंतर पाहावे. धोका व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना नसतो. पिस्टन वर येऊन परत फिरण्याच्या आगेमागे, दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात तेव्हा असतो. आत घेणाऱ्यासाठी निदान २.० मिमी आणि तापून लांबणाऱ्या बाहेर टाकणाऱ्या व्हॉल्व्हसाठी निदान २.५ मिमी अंतर राखण्याचा दंडक कारागीर पाळतात.

कायद्याची बाजूही येथे नोंदवायला हवी. कॅलिफोर्नियात रस्त्यावरच्या गाडीत प्रदूषणाशी संबंधित आफ्टरमार्केट भाग चालवायचा तर त्याला राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो, आणि कॅम त्या कक्षेत येतो. संघराज्याचा स्वच्छ हवा कायदाही छेडछाडीला मनाई करतो. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे उत्पादकाच्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध गाडीत फेरबदल करण्याला फारशी जागा उरलेली नाही, त्यामुळे हा उद्योग आपल्याकडे शर्यतीच्या आवारापुरताच धरावा.

या सगळ्या मोजणीचा वेळ आणि खर्च ज्याच्या वाट्याला येतो, त्याच्या आधीच्या माणसाने एक कागद लिहून ठेवला असता तर तो बराचसा वाचला असता. म्हणून स्वतःच्या हाताने इंजिन उघडणाऱ्या प्रत्येकाने, मग ते कॉर्व्हेटचे असो वा बुलेटचे, बसवलेल्या कॅमची मापे, रॉकरचा रेशो, स्प्रिंगची बसवलेली उंची आणि त्या उंचीवरचा जोर, पुशरॉडची लांबी व ती कोणत्या पद्धतीने मोजली, आणि हेड किती घासले, एवढे तारखेसह लिहून ते गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे आणि गाडी विकताना न विसरता पुढच्याच्या हाती द्यावे.